पेपर वाचला, पण सांगता येत नाही

ताई, मी सातारा जिल्ह्यातल्या एका कॉलेजात टी.वाय.ला आहे, विषय मानसशास्त्र. बारावीपर्यंत मराठी माध्यम. या सत्रात आम्हाला पाच रिसर्च पेपर दिलेत आणि प्रत्येकाचा तीनशे शब्दांत इंग्रजीत सारांश लिहून द्यायचाय. पहिला पेपर डार्ली आणि लाताने यांचा, १९६८चा, संकटाच्या वेळी बघे मदतीला का जात नाहीत यावरचा. डिक्शनरी घेऊन, शब्दाशब्दावर पेन्सिलीने अर्थ लिहीत मी तो तीन-चारदा वाचला. वाचताना कळल्यासारखं वाटतं, कागद मिटले की काहीच सांगता येत नाही. शेवटी सुरुवातीचा ॲब्स्ट्रॅक्टच, म्हणजे पेपरचा गोषवाराच, शब्द बदलून लिहून दिला. मॅडमनी लाल पेनाने शेरा मारला, 'ॲब्स्ट्रॅक्ट फिरवून लिहिलाय. मेथड कुठाय? पुन्हा लिही.' आकडे आणि एफ, पी वगैरे सांख्यिकीची चिन्हं आली की मी सरळ पान उलटते. माझी मैत्रीण पेपर एआयला देते आणि दहा मिनिटांत मोकळी होते. मी चुकीचा विषय घेतलाय का?
– टी.वाय.ची विद्यार्थिनी

प्रिय टी.वाय.,

तुझ्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ मॅडमची आहे. 'मेथड कुठाय?' तुला ती रागाने लिहिल्यासारखी वाटली असेल, पण पेपर कसा वाचावा याचं निम्मं उत्तर तिच्यातच आहे.

तुझं काय झालं असेल याचा अंदाज येतो. पहिल्या ओळीपासून सुरुवात केलीस. ॲब्स्ट्रॅक्ट वाचला, अर्धामुर्धा कळला. मग प्रस्तावनेत शिरलीस. तिथे कंसात नावं आणि सालं, तीन-तीन ओळींची वाक्यं, आधी कोण काय म्हणालं त्याचे दाखले. पेन्सिल चालत राहिली. मेथडपर्यंत पोचेस्तोवर जीव दमला, रिझल्ट्सला पान उलटलं, डिस्कशनवरून नुसती नजर फिरवली. लिहायला बसलीस तेव्हा हाताशी उरला फक्त ॲब्स्ट्रॅक्ट, मग तोच फिरवला गेला. ट्रेलर बघून सिनेमाचं परीक्षण लिहावं तसं झालं.

प्रस्तावना हा पेपरातला सगळ्यात अवघड भाग. ती लिहिणारा माणूस दुसऱ्या संशोधकाशी बोलत असतो. आधीचे वाद, आधीचे प्रयोग समोरच्याला ठाऊक आहेत असं धरूनच तो चालतो. तुला ते ठाऊक असायचं काही कारण नाही. मेथडमध्ये मात्र कुणाला बोलावलं, कुठे बसवलं, काय सांगितलं, काय मोजलं एवढंच लिहायचं असतं, आणि ते वाचून दुसऱ्या कुणालाही तोच प्रयोग पुन्हा करता यावा अशी अपेक्षा असते. म्हणून त्या भागाची इंग्रजी सरळ असते आणि पेपरामागून पेपर तेच शब्द येतात: पार्टिसिपंट्स (भाग घेणारे), कंडिशन (प्रयोगातला गट), रँडमली असाइन्ड (कोण कुठल्या गटात हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलेलं), मेझर (मोजमाप). (जुन्या पेपरांत पार्टिसिपंटऐवजी सब्जेक्ट लिहायची पद्धत होती, तुझ्या पेपरातही तसंच आहे.) मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला पेपरातला कुठला भाग सगळ्यात सोपा जाईल असं कुणी विचारलं तर मी मेथडच सांगेन. आणि तोच भाग सगळी मुलं गाळतात.

तेव्हा क्रम बदल. ॲब्स्ट्रॅक्ट एकदा वाच आणि बाजूला ठेव. प्रस्तावनेचा फक्त शेवटचा परिच्छेद वाच, संशोधकांना नेमकं काय तपासायचंय ते बहुधा तिथेच असतं. तिथून थेट मेथड. मग रिझल्ट्समधले तक्ते आणि आलेख, नंतर त्यांच्या आजूबाजूचा मजकूर, नंतर डिस्कशन. प्रस्तावना अगदी शेवटी. हा सगळा खटाटोप कशासाठी चालला होता ते तोवर तुला कळलेलं असतं, त्यामुळे ती पुष्कळ लवकर उरकते.

आता तुझाच पेपर घेऊ.

न्यूयॉर्क विद्यापीठात मानसशास्त्राचा पहिला कोर्स करणारे विद्यार्थी, ५९ मुली आणि १३ मुलगे. प्रयोगात भाग घेणं ही त्यांच्या कोर्सचीच अट होती. एकेकाला छोट्या खोलीत बसवलं, कानाला हेडफोन, समोर माइक. सांगितलं असं की शहरातल्या ताणाच्या आयुष्यात कॉलेजातल्या मुलांना कसल्या अडचणी येतात यावर चर्चा करायचीय. संकोच वाटू नये म्हणून सगळे वेगवेगळ्या खोल्यांत, बोलणं इंटरकॉमवरून, आणि प्रयोग घेणारा ते ऐकणार नाही. पाळीपाळीने दोन-दोन मिनिटं बोलायचं. ज्याची पाळी, त्याचाच माइक सुरू. प्रत्यक्षात बाकीच्या खोल्यांत कुणीच नव्हतं. कानावर पडणारे सगळे आवाज आधी रेकॉर्ड केलेले होते.

पहिल्यांदा बोलतो तो एक मुलगा. न्यूयॉर्कशी आणि अभ्यासाशी जुळवून घेणं जड जातंय म्हणतो, आणि जरा चाचरतच सांगतो की अभ्यासाचा ताण वाढला, परीक्षा आली की आपल्याला फिट येते. सगळ्यांचं बोलून होतं. पुन्हा त्याची पाळी येते आणि बोलता बोलता त्याचे शब्द तुटायला लागतात, तो मदत मागायला लागतो. इतरांचे माइक बंद असल्यामुळे दुसरं कुणी उठलंय का हे कळायला मार्ग नाही. घड्याळ इथे सुरू होतं. १२५ सेकंदांनी त्याचा आवाज बंद होतो, म्हणजे फिट संपली. सहा मिनिटं झाली तरी कुणी उठलं नाही तर प्रयोग थांबवतात.

यात बदललं काय? मुख्य म्हणजे एकच गोष्ट. हे ऐकणारे आपल्याशिवाय आणखी किती जण आहेत, याची त्या विद्यार्थ्याची समजूत. काहींना वाटतं की आपण आणि तो मुलगा दोघंच आहोत. काहींना वाटतं आणखी एक जण ऐकतोय, काहींना वाटतं आणखी चौघं ऐकतायत. आणि मोजलं काय? फिट सुरू झाल्यापासून विद्यार्थी खोलीबाहेर येईपर्यंत गेलेला वेळ.

काय बदललं आणि काय मोजलं, या दोन प्रश्नांची उत्तरं वहीत एकेका ओळीत उतरवल्याशिवाय रिझल्ट्सचं पान उघडायचं नाही, असा स्वतःला नियम घालून घे. स्वतंत्र चल आणि परतंत्र चल म्हणून तू प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये जे लिहितेस तेच हे, फक्त इथे ते दुसऱ्याच्या प्रयोगातून शोधून काढायचंय.

आता रिझल्ट्स. पहिला तक्ता जेमतेम तीन ओळींचा आहे. दोघांच्या गटात १३ विद्यार्थी, त्यातले ८५ टक्के फिट संपायच्या आत उठले, सरासरी वेळ ५२ सेकंद. तिघांच्या गटात २६ विद्यार्थी, ६२ टक्के, ९३ सेकंद. सहाजणांच्या गटात १३ विद्यार्थी, ३१ टक्के, १६६ सेकंद. मोठ्याने वाच. ऐकणारे वाढले तसा टक्का घसरला आणि वेळ वाढला. एफ आणि पी अजून आलेसुद्धा नाहीत आणि मुख्य निष्कर्ष तुझ्या हातात आहे.

याच पानावर एक खड्डा आहे. तक्त्याबाहेरच्या मजकुरात ६२ टक्के पुन्हा येतात, आणि ते निराळे आहेत. दोघांच्या गटातल्या प्रत्येकाने उशिरा का होईना, पण कळवलं. सहाजणांच्या गटात मात्र अगदी शेवटपर्यंत धरले तरी कळवणारे ६२ टक्केच. तक्त्यातले ६२ टक्के तिघांच्या गटाचे आहेत आणि फिट संपेपर्यंतचे आहेत. घाईत लिहिणारा हे दोन्ही एकमेकांत मिसळून टाकतो. 'सहाजणांच्या गटात फक्त ३१ टक्क्यांनी मदत केली' हे वाक्यही तसं अर्धवटच आहे, कारण त्यानंतर जवळपास तेवढेच आणखी उठले. आकडा लिहिताना तो कुणाचा आणि कुठल्या वेळेपर्यंतचा हे सोबत गेलंच पाहिजे. मॅडम पेपर तपासताना आधी तिथेच बघणार.

आणखी एक. १३, २६ आणि १३ मिळून ५२ होतात, वर तर ७२ विद्यार्थी होते. बाकीचे कुठे गेले? त्यांच्यातले बहुतेक पुढच्या तक्त्यात सापडतील. तिघांच्या गटात तो दुसरा ऐकणारा पुरुष असला, बाई असली, किंवा दवाखान्यात काम केल्याचा अनुभव असलेला असला, किंवा प्रयोगातला विद्यार्थी स्वतः मुलगा असला, तर फरक पडतो का, असा पोटप्रश्न त्यांनी तिथे घेतलाय. विशेष फरक पडला नाही. हिशेब जुळत नाही असं दिसलं की पान उलटू नकोस, तिथेच थांब. मला तरी पेपर वाचण्यातली मजा अशाच जागी येते.

ॲब्स्ट्रॅक्ट फिरवून लिहिणाऱ्याच्या सारांशात हमखास सुटतो तो भाग पुढे आहे. संशोधकांनी या विद्यार्थ्यांना व्यक्तिमत्त्वाच्या चाचण्याही दिल्या होत्या. सामाजिक जबाबदारीची जाणीव किती, सत्तेपुढे झुकण्याची वृत्ती किती, स्वार्थासाठी इतरांना वापरण्याची तयारी किती, अशा. यातल्या कशावरूनही कोण लवकर उठेल ते सांगता आलं नाही. हे इतकं महत्त्वाचं का? कारण 'मदतीला न जाणारे लोक बेफिकीर असतात' हे स्पष्टीकरण त्याने लंगडं पडतं. न उठलेले विद्यार्थी मजेत बसलेले नव्हते. प्रयोग घेणारा आत आला तेव्हा अनेकांनी आधी विचारलं ते हेच की तो मुलगा बरा आहे ना, त्याच्याकडे कुणी बघतंय ना. काहींचे हात थरथरत होते, तळव्यांना घाम फुटला होता.

हे वाचलेलं नसलं की सारांशाची सुरुवात 'आजच्या धकाधकीच्या जीवनात माणुसकी हरवत चालली आहे' अशी होते. अशा सुरुवातीचे सारांश मी कितीतरी तपासलेत. मूळ पेपर याच्या बरोबर उलट सांगतोय, आणि सारांश लिहिणारीला त्याचा पत्ता नसतो.

आता डिस्कशन. इथे एक सवय लावून घे. संशोधकांना काय दिसलं आणि त्याचा अर्थ त्यांनी काय लावला, या दोन गोष्टी वेगळ्या ठेव. दिसलं ते असं, की ऐकणारे जास्त आहेत असं वाटलं तेव्हा उठणारे कमी आणि उशिरा उठले. जबाबदारी सगळ्यांत वाटली जाते म्हणून एकेकट्यावर तिचा भार कमी पडतो, हा त्यांनी लावलेला अर्थ. जबाबदारी वाटली जाताना कुणी मोजलेली नाही. म्हणून पहिल्या वाक्याला 'आढळलं' आणि दुसऱ्याला 'संशोधकांच्या मते'. इंग्रजीत पहिल्याला 'फाउंड', दुसऱ्याला 'आर्ग्यू' किंवा 'सजेस्ट'. 'प्रूव्ह' हा शब्द वहीतून खोडूनच टाक. एका प्रयोगाने मानसशास्त्रात काही सिद्ध होत नाही.

का होत नाही, तेही सांगते. २०१५ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक मोठा प्रकल्प छापून आला. मानसशास्त्राच्या नामांकित नियतकालिकांतले १०० अभ्यास निरनिराळ्या संशोधकांनी पुन्हा करून पाहिले. मुळात ९७ टक्के अभ्यासांत सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय (सहसा योगायोगाने दिसणार नाही असा) निकाल होता, पुन्हा केल्यावर तसा निकाल ३६ टक्क्यांत आला आणि परिणामांचा आकार, म्हणजे दिसलेला फरक किती मोठा ते, सरासरीने निम्म्यावर आला. याचा अर्थ उरलेले सगळे खोटे होते असा काढू नकोस. पण एका पेपरवर किती वजन टाकायचं याचा अंदाज त्यातून येतो.

तुझ्या पेपरच्या बाबतीत तर मागचं-पुढचं दोन्ही बघण्यासारखं आहे. मागचं म्हणजे किटी जेनोव्हीज. १३ मार्च १९६४ला न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात या तरुणीचा खून झाला, आणि ३८ जणांनी तो बघितला पण कुणीच काही केलं नाही, अशी बातमी गाजली. प्रस्तावना याच घटनेने सुरू होते. मॅनिंग, लेव्हिन आणि कॉलिन्स यांनी २००७ मध्ये जुनी कागदपत्रं तपासून दाखवलं की ३८ जण बघत उभे राहिले या गोष्टीला पुरेसा आधार नाही. घटनेची कहाणी डळमळीत निघाली म्हणून प्रयोग मोडीत निघत नाही, त्याचे आकडे त्याच्या जागी आहेत. पण ती कहाणी सारांशात पुराव्यासारखी लिहायची नाही. पुढचं म्हणजे फिलपॉट आणि सहकाऱ्यांचा २०२०चा अभ्यास. त्यांनी इंग्लंड, नेदरलँड्स आणि दक्षिण आफ्रिकेतल्या शहरांमधली, रस्त्यावरच्या २१९ भांडणांची सीसीटीव्ही चित्रणं पाहिली. दर दहातल्या नऊ प्रसंगांत निदान एक तरी बघा मध्ये पडला होता, आणि बघे जास्त तशी कुणीतरी मध्ये पडण्याची शक्यताही जास्त. मग डार्ली-लाताने चुकले का? प्रश्नच वेगळा आहे. तिथे एकेकट्या माणसाची शक्यता मोजली होती, इथे गर्दीतून निदान एक जण पुढे येण्याची. तिथे कुणी कुणाला दिसत नव्हतं, इथे सगळे एकमेकांना दिसत होते. तीनशे शब्दांत हे सगळं बसणार नाही, पण तोंडी परीक्षेत विचारलं तर यातली दोन वाक्यं बोलता आली पाहिजेत.

आता लिहायचं कसं. कागद मिटून ठेव. समोर आई, बहीण, हॉस्टेलवरची रूममेट, जी कुणी रिकामी असेल तिला हा प्रयोग मराठीत सांग. 'रेकॉर्ड केलेला आवाज होता तर मुलांना कळलं कसं नाही?' असं तिने विचारलं आणि तुला उत्तर देता आलं नाही, तर मेथडमधला तो भाग पुन्हा वाच. सांगून झालं की लगेच मराठीतच लिहून काढ. माझा कच्चा मसुदा असा झाला असता:

'आणीबाणीच्या प्रसंगी आपल्यासोबत आणखी माणसं आहेत असं वाटलं तर मदतीला जाण्याचं प्रमाण कमी होतं का, हे डार्ली आणि लाताने (१९६८) यांनी तपासलं. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून इंटरकॉमवरून चर्चा करायला सांगितलं. चर्चेत एका सहभागीला फिट आल्याचं रेकॉर्डिंग त्यांना ऐकवलं. हे ऐकणारे आपण एकटेच आहोत, आणखी एक जण आहे किंवा आणखी चार जण आहेत, असं वेगवेगळ्या गटांना भासवलं होतं. फिट संपायच्या आत मदतीसाठी उठणाऱ्यांचं प्रमाण अनुक्रमे ८५, ६२ आणि ३१ टक्के होतं, सरासरी वेळही याच क्रमाने वाढला. व्यक्तिमत्त्वाच्या चाचण्यांवरून मदतीच्या वेगाचा अंदाज बांधता आला नाही. संशोधकांच्या मते, इतरांच्या उपस्थितीमुळे जबाबदारी विभागली जाते आणि एकेकाला ती कमी जाणवते. सहभागी एकाच विद्यापीठातले होते, त्यांत मुलींची संख्या बरीच जास्त होती आणि त्यांना एकमेकांची प्रतिक्रिया दिसत नव्हती, त्यामुळे हे निष्कर्ष इतर प्रसंगांना लावताना सावध राहायला हवं.'

हा जसाच्या तसा इंग्रजीत करून देऊ नकोस, मॅडमही हे सदर वाचत असतील. पण यातली जागेची वाटणी बघ. निम्म्याहून जास्त जागा मेथड आणि रिझल्ट्सने खाल्लीय. प्रस्तावनेला एक वाक्य, स्पष्टीकरणाला एक. शेवटचं वाक्य पेपर वाचून तुला काय वाटलं त्याचं. तिथे 'सॅम्पल लहान होतं' एवढंच ठोकून द्यायची फॅशन आहे. लहान होतं तर त्यामुळे नेमकी कुठली गोष्ट शंकास्पद होते, हे लिहिता येत नसेल तर ते वाक्य लिहूच नकोस.

मराठीत आधी लिहायला सांगतेय त्यात भाषेचा अभिमान वगैरे काही नाही. इंग्रजी पेपर समोर ठेवून इंग्रजीत लिहायला बसलं की हात आपोआप त्यांचीच वाक्यं उचलतो, मध्ये दोन शब्द बदलतो, आणि त्याला वाङ्मयचौर्य म्हणतात. मराठीतून जाताना वाक्य मोडून नव्याने बांधावंच लागतं. यावरून म्युलर आणि ओपनहायमर यांचा २०१४चा अभ्यास आठवला, तुला पुढे कधीतरी लागेल. लॅपटॉपवर नोट्स काढणारे विद्यार्थी व्याख्यान जास्त शब्दशः उतरवतात, आणि समजेवरच्या प्रश्नांत हाताने लिहिणाऱ्यांपेक्षा मागे पडतात, असं त्यांना आढळलं. शब्दशः उतरवू नका असं आधी बजावूनही मुलांनी ते उतरवलंच. २०२१ मध्ये दुसऱ्या गटाने हा प्रयोग पुन्हा केला तेव्हा शब्दशः उतरवणं तसंच दिसलं, पण गुणांमधला तो फरक काही मिळाला नाही. म्हणजे 'हाताने लिहिलं की जास्त मार्क' असं मी तुला छातीठोकपणे सांगू शकत नाही. शब्दशः उतरवायचा मोह सगळ्यांनाच होतो, एवढं मात्र नक्की.

एफ आणि पीचं भय. टी.वाय.ला तुला ते गणित सोडवायचं नाहीये, वाचायचंय. एफ हा गटांमधला फरक तपासताना निघणारा आकडा, त्यावरून पी काढतात. पी म्हणजे, गटांमध्ये खरोखर काहीच फरक नसता तर निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता. ती ०.०५ पेक्षा कमी असली की 'लक्षणीय' म्हणायचा प्रघात आहे. फरक किती मोठा आहे हे पी सांगत नाही. त्यासाठी परिणामाचा आकार बघायचा. त्याचं एक माप म्हणजे कोहेनचा डी. तो दिलेला असेल तर ०.२ लहान, ०.५ मध्यम, ०.८ मोठा, हे ढोबळ माप. आणखी एक क्लृप्ती: दोन वेगळ्या गटांची तुलना असेल आणि टी या चाचणीच्या आकड्यापुढे कंसात ५८ दिसले, तर त्यात दोन मिळव, ६० जणांचा हिशेब आहे. मेथडमध्ये ८० लिहिले असतील तर २० कुठे गेले ते विचारायचं. सारांशात हे आकडे लिहायचेच असं नाही. टक्केवारी किंवा सरासरी लिहिलीस तरी चालतं, पण दिशा चुकता कामा नये.

मैत्रिणीचा रस्ता. एआयने केलेला सारांश गुळगुळीत असतो, व्याकरण तुझ्या-माझ्याहून बरं असतं. वरचे दोन ६२ टक्के त्याने एकमेकांत मिसळले तर तुझ्या मैत्रिणीला ते कळणार आहे का? पेपर वाचलेलाच नाही, तर पकडणार कशाच्या जोरावर? एखादं वाक्य अडलं तर त्याचा अर्थ एआयला विचारायला माझी हरकत नाही, मात्र तुमच्या कॉलेजची असेल तर ती आधी माहीत करून घे. अर्थ विचारल्यावर पेपरातल्या त्या वाक्याकडे परत जाऊन ताडून बघ. अख्खा पेपर त्याच्या गळ्यात टाकून मोकळं होण्यात मला अडचण दिसते ती तोंडी परीक्षेच्या टेबलाशी. 'परतंत्र चल कुठलं होतं?' असं विचारल्यावर गुळगुळीत परिच्छेद आठवून उपयोग होत नाही.

पूर्ण पेपर मिळत नसेल आणि नुसत्या ॲब्स्ट्रॅक्टवर भागवावं लागत असेल, तर आधी ग्रंथपालांकडे जा. अनुदानित कॉलेजांना इन्फ्लिबनेट या ग्रंथालयं जोडणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या एन-लिस्ट योजनेतून ई-साहित्य मिळू शकतं, लॉगिन ग्रंथालयातूनच मिळतं. सरकारी संस्थांसाठी जानेवारी २०२५ पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शन ही नियतकालिकांच्या एकत्र वर्गणीची केंद्र सरकारची योजना सुरू झालीय, त्यात ३० प्रकाशकांची १३ हजारांच्या आसपास नियतकालिकं आहेत. तुझं कॉलेज त्यात बसतं का ते विचार. गूगल स्कॉलरवर पेपरच्या नावाखाली त्याच्या इतर प्रतींची लिंक असते, तिथे अनेकदा फुकट पीडीएफ सापडते. तेही नाही जमलं तर लेखकाला दोन ओळींची ईमेल टाक. संशोधकांना आपला पेपर कुणी मागितला की बहुधा आनंदच होतो.

विषय चुकला का, हे तू शेवटी विचारलंयस. पेपर वाचता न येणं ही टी.वाय.च्या सुरुवातीला अगदी साधी गोष्ट आहे, कारण तोवर तुम्हाला कुणी पेपर वाचायला दिलेलाच नसतो, सगळं पाठ्यपुस्तकातून. त्यावरून विषयाचा निकाल लावू नकोस. पाचही पेपर झाल्यावर, फिट आलेल्या मुलाचा तो प्रयोग वाचताना 'मग पुढे काय झालं' असं तुला वाटलं होतं का, एवढं आठवून बघ. वाटलं नसेल तर मला परत लिही, तेव्हा बोलू.

उरलेल्या चार पेपरांत सगळेच प्रयोग असतील असं नाही. एखादा मुलाखतींवर आधारलेला असेल, तर 'काय बदललं' हा प्रश्न तिथे लागू होत नाही. कुणाशी बोलले, काय विचारलं, उत्तरांमधून मुद्दे कसे काढले, हे शोधायचं. नुसतं सर्वेक्षण असेल तर दोन गोष्टी सोबत वाढल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली असं लिहून बसू नकोस. आणि अनेक अभ्यासांचे निकाल एकत्र करणारा मेटा-ॲनालिसिस यादीत असेल तर तो सगळ्यात शेवटी घे. त्यात कुठले अभ्यास घेतले आणि कुठले वगळले, ते आधी बघायचं असतं, आणि त्यासाठी दोन-चार साधे पेपर पचलेले असले की बरं पडतं.

– ताई